श्रावणात कारागीर कोण सोडतो?

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. पेण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालली असतानाच रोह्याकडची, निडीजवळच्या वाडीवरची एक मजूर बाई आत शिरली. तिची मुलगी पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्यात गणपतींची आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची. परदेशात मोठा पगार देतो म्हणून पेणच्या एका एजंटाने तिला नेलं आणि तिथल्या टोळीला विकलं. ती टोळी तिला डांबून, मारून, फोनवरून लोकांना फसवायला लावत होती. चोरून केलेल्या एका फोनवर तिने आईला एवढं सांगितलं होतं.

"सायब, लोकं बोलतात तिकडं धाड पडली तर तीच आरोपी व्हईल. माझी पोर चोर नाय!"

वरून सल्ला आला, "परदेशाचं लचांड गळ्यात घेऊ नका. आपली हद्द नाही." मी म्हटलं, "सर, तिला फसवलं ते पेणच्या बाजारात. गुन्हा इथेच दाखल होईल." आणि केला! मुलीची नोंद पीडित म्हणून घेतली.

एजंटाला आणला, चहा पाजला. आरडाओरडा केला की माणूस तोंड मिटतो, हा माझा अनुभव.

"कारखानदारानंच सोडली तिला तिकडं जायला, साहेब. तिकडं गणपतीची ऑर्डर होती."

"कधी गेली?"

"श्रावणात."

मला हसू आलं. "अरे, पेणचा ना तू? परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्यातच बोटीने जातात. आणि श्रावणात आखणीवाल्याला कारखानदार घरच्या बारशालाही सोडत नाही. परदेशी कोण पाठवेल?"

थाप पकडली गेल्यावर तिकडच्या दलालाचं नाव आणि इमारतीचा पत्ता बाहेर आला.

दिल्लीमार्फत माहिती तिकडच्या पोलिसांकडे गेली. तिथल्या एका महिला अधिकाऱ्याशी मी मोडक्या इंग्रजीत बोललो. तिच्याही मागे वरिष्ठांचा लकडा होता, सापडेल त्याला आरोपी करा म्हणून. ती म्हणाली, "तुमचे कागद पाठवा. मी तिला बेड्या घालणार नाही." बाईने शब्द पाळला. धाड टाकून मुलीला सोडवलं आणि पीडित म्हणून घरी पाठवलं. पुढे एजंटाच्या खटल्यात त्या अधिकारी बाईने तिकडूनच व्हिडिओ कॉलवर साक्षही दिली.

कोर्टाबाहेर मुलीच्या आईने मला विचारलं, "ती बाय कुठली हो, सायब?" मी देशाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "कुठली का असंना. माझी भयनच हाय ती."

चोर देश ओलांडून एकमेकांना सांभाळतात, मग पोलिसांनीच का दबकायचं? 'आपली हद्द नाही' म्हणणारा अधिकारी आजही भेटला की माझं डोकं फिरतं. त्याला मी सरळ जोह्याला घेऊन जातो. ती पोर तिथे डोळे आखत बसलेली असते. म्हणतो, "हिला सांग, तुझी हद्द कुठे संपते ते."