तीन वर्षांनंतरचा संघ

बुधवारी दुपारी इथल्या शाळा लवकर सुटतात, म्हणून आमच्या बेसबॉल क्लबात मुलांचा सराव बुधवारी असतो. त्या बुधवारी कँटीनची पाळी माझी होती. मी कॉफीचं मशीन पुसत होतो आणि फोन वाजला. नीलिमावहिनींचा होता, माझा मित्र सुहासच्या बायकोचा. "भाऊजी, गेले हे," एवढंच त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर पंधराएक पोरं धुळीत घसरत, एकमेकांवर ओरडत बेस गाठायचा सराव करत होती. ती सगळी सुहासची पोरं. म्हणजे त्याने हेरलेली, आणि ज्यांच्यासाठी तो आम्हा सगळ्यांशी दोन वर्षं भांडला ती. सराव संपेपर्यंत मी त्यांना काही सांगितलं नाही. साडेचारला ती आत आली, आणि मी त्यांना सरबताचे ग्लास भरून देत राहिलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीसाठी मित्रावर काही लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि नंतर चार वेळा सुरुवात करून खोडली. सुहास गोड स्वभावाचा होता, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तो गोड नव्हता. हट्टी होता, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचा, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं, हा त्याचा सगळ्यात त्रासदायक गुण. शिवाय त्याच्यावर लिहायचं तर मला माझ्यावरही लिहावं लागणार होतं, आणि ते मला टाळायचं होतं.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच महिन्यात इथे आलो. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात एका ऑफिसात एकाच मजल्यावर बसायचो, आणि घरं मात्र दोघांनीही जवळच्या आल्मेरे गावात घेतली, कारण तिथे तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळत होती. रोजचा ट्रेनचा प्रवास बरोबर. तो मला आडनावाने हाक मारायचा, "काय रे आपट्या." बेसबॉलशी आमचा दोघांचाही काडीचा संबंध नव्हता. त्याची मुलगी ईशा आठ वर्षांची असताना वर्गातल्या मैत्रिणीबरोबर क्लबात गेली आणि तिथेच रमली. इथे मूल खेळायला घातलं की आईबापांना काहीतरी काम अंगावर घ्यावंच लागतं. कुणी गवत कापतं, कुणी कँटीन सांभाळतं. सुहासला धावफलक लिहायला बसवलं. मी त्याची खूप टर उडवली. क्रिकेट सोडून लाटण्याने खेळणाऱ्यांच्यात जाऊन बसलास, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "एकदा येऊन बघ. यात बॉलर दमला तर लपायला जागाच नाही." मी बघायला गेलो आणि महिनाभरात माझ्याही गळ्यात कँटीन पडलं.

मग आमचा मोठ्यांचा संघ लागोपाठ दोनदा खालच्या श्रेणीत घसरला. चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांत गेले. अध्यक्ष हेंक, निवृत्त पोस्टमन, अत्यंत सज्जन माणूस, त्याने संघ पुन्हा उभा करायला तिघांची समिती नेमली. तो स्वतः, सुहास आणि मी. पहिल्याच बैठकीत हेंक बाहेरून आणता येतील अशा खेळाडूंची यादी घेऊन आला. इथल्या क्लबांना उन्हाळ्यापुरते परदेशी खेळाडू मिळतात. कुठल्याच संघाशी बांधलेले नसतात, त्यांना राहायला खोली आणि फिरायला सायकल दिली की एक सीझन खेळून जातात. सुहासने ती यादी वाचली, प्रत्येक नावापुढे वय लिहिलं आणि त्या वयात पाच मिळवले.

"आज आपण कोणालाही आणलं तरी जिंकणार नाही," तो म्हणाला. "पाच वर्षांनी जिंकू शकतो. मग प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा. आपण जिंकायला लागू तेव्हा हा किती वर्षांचा असेल?"

हेंक म्हणाला, "पण या वर्षी लोक काय बघणार?"

"हार बघतील," सुहास म्हणाला. "सवय करायची."

तो आंधळेपणाने पोरांच्या मागे नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण नंतर त्याच्याबद्दल तसं बोललं गेलं. कुठलं पोर पुढे चमकेल हे कुणालाच सांगता येत नाही, असं तोच म्हणायचा. म्हणून एकावर भिस्त ठेवायची नाही, सात-आठ जणांना खेळवायचं, त्यातले दोन-तीन टिकले तरी पुष्कळ. परदेशी खेळाडूवर त्याचा राग नव्हता. पण तो सप्टेंबरात निघून जाणार, आणि तोवर ज्या इनिंग तो खेळणार त्या कुठल्यातरी पोराच्या वाट्याच्या असणार, हे तो विसरू द्यायचा नाही. अदलाबदलीलाही त्याची ना नव्हती. स्वतःहून त्याने आमचा एक दणकट बॅटर शेजारच्या क्लबाला देऊन त्यांचा चाळिशीतला कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, मागून घेतला. सगळे हसले. तो म्हणाला, पोरगा बॉल टाकताना खांदा मोडून घेईल, समोर बसलेल्या माणसाने त्याला थांबवायला नको का? त्या म्हाताऱ्या कॅचरच्या हाताखालीच येले तयार झाला. येले डावखुरा, तेव्हा चौदा वर्षांचा, हाडकुळा, बोलायला लाजणारा. पण त्याने टाकलेला चेंडू बॅटरपाशी पोचता पोचता असा खाली बुडायचा की आमचे मोठेसुद्धा हवेत बॅट फिरवून परत यायचे.

दोन सीझन आम्ही हरलो. साधंसुधं नाही, भरपूर. गणपतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाची माणसं विचारायची, काय सुहासराव, या शनिवारी कितीने? तोही आकडा सांगायचा आणि वर सांगायचा की त्यात सोळा वर्षांखालच्यांनी किती इनिंग खेळल्या. दर महिन्याला तो तीन वर्षांनंतरचा, दोन वर्षांनंतरचा संघ लिहून काढायचा. ट्रेनमध्ये मला ऐकवायचा. या वर्षीच्या संघाबद्दल त्याला विचारलं तर कंटाळायचा.

यंदा फेब्रुवारीत त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. स्वादुपिंड. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत म्हणून सांगितलं, फार तर शरद ऋतूपर्यंत. त्याने ते मला ऑफिसच्या खाली, सायकली लावतात तिथे सांगितलं आणि कुलूप उघडता उघडता म्हणाला, "ईशा सोळाची आहे रे." मी घरी जाऊन रडलो, आणि रडून झाल्यावर मला एक कल्पना सुचली. ती मला तेव्हा फार सुंदर वाटली होती.

मार्चमध्ये एका मोठ्या क्लबाने येलेबद्दल विचारलं. येलेच्या घरच्यांची तयारी होती, मात्र सुहासना पटत असेल तरच, असं त्याची आई म्हणाली. बदल्यात ते दोन अनुभवी खेळाडू आमच्याकडे पाठवणार होते. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियातला एक चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उन्हाळ्यापुरता मोकळा असल्याचं कळलं. माझ्या डोक्यात एकच होतं... सुहासने जिंकताना बघायला हवं. या वर्षी. पाच वर्षांची गोष्ट ज्याला पाच वर्षं आहेत त्याने करावी. बैठकीच्या दिवशी सुहास हॉस्पिटलात सलाइन लावून पडला होता. येलेला सोडून ते दोघे आणि तो ऑस्ट्रेलियन घेऊ, असं मी मांडलं. हेंकने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुहासचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "बोललोय मी त्याच्याशी. त्याची हरकत नाही."

मी बोललो नव्हतो. हेंकने सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यालाही मनातून तेच हवं होतं. येलेच्या आईला त्यानेच फोन केला. सुहासचं नाव सांगितलं नसतं तर ती योजना कुणी मोडली नसती. मी ती त्याच्याच नावाने मोडली. हे मी मराठीत लिहितोय, कारण हेंकला मराठी वाचता येत नाही. एवढाच माझा धीर आहे.

शनिवारी मी सुहासच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, थोडा चिडेल, मग पाघळेल. तो सोफ्यावर शाल घेऊन बसला होता. मी सगळं सांगितलं, हेंकला काय सांगितलं तेही. त्याने आधी विचारलं, येलेला कुणी सांगितलं, तो काय म्हणाला. मग विचारलं, "त्या दोघांची वयं?"

"एकतीस आणि तेहतीस."

"आणि तीन वर्षांनी?"

"तीन वर्षांचं काय घेऊन बसलास, सुहास," मी बोलून गेलो. "या वर्षी जिंकू. तू बघशील."

"मी या वर्षीचं बघत होतो असं तुला कधी वाटलं?" तो म्हणाला. "आपट्या, माझ्याकडे पुढचं म्हणून तेवढंच होतं रे." आवाज चढवला नाही. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्याने विषय बदलला. पुढच्या आठवड्यात हेंक फुलं घेऊन त्याला भेटायला आला आणि त्याचे आभार मानू लागला. मी समोरच बसलो होतो. सुहास म्हणाला, "हो, आमचं बोलणं झालं होतं." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सीझनचं सांगण्यासारखं काही नाही. सुरुवातीला पाच-सहा सामने जिंकलो. जुलैत ऑस्ट्रेलियाचा मुलगा कोपर दुखावून परत गेला, त्याची सायकल स्टेशनवर तशीच राहिली. एकतीस वर्षांच्याची बदली दुसऱ्या गावी झाली. आम्ही शेवटून तिसरे आलो. जूनमध्ये एका शनिवारी मी सुहासला चाकाच्या खुर्चीतून सामन्याला नेलं, आणि नेमका तो सामना आम्ही जिंकलो. लोक खुर्चीपाशी येऊन त्याचा हात हातात घेत होते. त्याने टाळ्या वाजवल्या. परत येताना बसथांब्यावर त्याने ईशाला विचारलं, तुमच्या वयाचं कोण खेळलं आज? ती म्हणाली, "नोबडी, बाबा." मग बस आली.

माफी मागायला माझ्याकडे सहा महिने होते. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो, औषधं आणायचो, त्याची दाढी करून द्यायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो. तो माझ्याशी छान बोलायचा. स्कोअरही विचारायचा. मी स्वतःची समजूत घातली होती की तो विसरला.

अंत्यविधीला हेंक बोलला. इथल्या पद्धतीने आधी भाषणं आणि नंतर कॉफी आणि केकचा तुकडा. हेंक म्हणाला की सुहास मोठ्या मनाचा होता. वर्षानुवर्षं जपलेली योजनाही शेवटी त्याने संघाच्या आनंदासाठी बाजूला ठेवली. लोकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेत येले उभा होता, नव्या क्लबाचं जाकीट घालून आला होता. त्या वाक्याला त्याने मान खाली घातली. सुहासला आपण नको झालो होतो, असं त्या पोराला वाटत असणार. मी उठून सांगू शकलो असतो. मी दुसऱ्या रांगेत बसून राहिलो.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. वरची छोटी खोली रिकामी करून ईशाला अभ्यासाला द्यायची होती. त्या खोलीत मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. भिंतीवर मोठा व्हाइटबोर्ड होता आणि त्यावर सुहासच्या तिरक्या अक्षरात तीन वर्षांनंतरचा संघ. नऊ नावं, प्रत्येकापुढे तेव्हाचं वय. ईशाचं नाव होतं. पिचरच्या जागी येले, एकोणीस. खाली तारीख होती, मार्चमधल्या त्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो त्याच्या आदल्या दिवशीची. खाली एक खुर्ची, तिच्यावर वाळून गेलेला मार्कर.

"यानंतर काही लिहिलं नाही त्याने?" मी विचारलं.

"या खोलीत आलेच नाहीत पुन्हा," वहिनी म्हणाल्या.

"जिना चढवत नव्हता ना त्याला. मला म्हणायचा तो."

वहिनींच्या हातात ओलं फडकं होतं. "बाथरूम वरच आहे ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "रोज चढत होते. या दारावरूनच जायचे."

त्यांना सगळं माहीत आहे की नाही, मला कळलं नाही. हे वाचल्यावर कळेलच. त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "तुम्ही पुसता का? माझ्याने नाही होत."

माझ्यानेही झालं नाही. फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून, दार ओढून घेऊन आम्ही खाली आलो. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून ईशा बसली होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ताटांपुरती जागा करायला पुस्तकं एका बाजूला सरकवली.