मण्यांच्या बाहुलीचं झबलं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं नाव निघालं की लोकांना तिथले राउंडअबाउट, ते गोल चौक, आठवतात, मला आठवते ती वीतभर बाहुली. अंगभर रंगीत मणी, हात नाहीत की पाय नाहीत. शेजारी दक्षिण आफ्रिकेतली एक नर्स राहायची, तिने दिलेली.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवत नव्हती. पुण्याला केलेल्या प्रत्येक फोनवर तोच प्रश्न, "काही विशेष?" एकदा मी फोनचं कॉलिंग कार्ड फेकूनच दिलं. शेजारणीने ते पाहिलं आणि गावाकडची ही बाहुली आणून दिली. "बाळासारखं सांभाळ हिला. बाळ झालं की परत दे, मग ती पुढच्या बाईकडे जाईल."

घ्या! आता या वयात भातुकली, मी मनात म्हटलं. आठवड्याभरात तिला पांघरूण घालायला लागले.

मग सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. बाहुली मी कपाटात कोटांमागे दडवली, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती शोधून काढली. मला वाटलं, आता काही माझी धडगत नाही. पण त्यांनी तिला देवीच समजून, पाट मिळेना म्हणून पोळपाटावर बसवलं आणि खणानारळाने चक्क ओटी भरली!

शेजारीण खो खो हसली. "त्यांना सांग, ही आई नाही गं, बाळ आहे."

मी सासूबाईंना सांगितलं. बाळ जन्मायच्या आधी घरात साधं दुपटं आणू न देणारी बाई ती. पण दुपारी चष्मा लावून बसल्या आणि त्याच खणाचं एवढंसं झबलं शिवून बाहुलीला घातलं.

बाळ काही आलं नाही. दोन वर्षांनी व्हिसा संपला तेव्हा मी बाहुली परत केली. दुसरी कुणी वाट बघत असेल, तिला कशाला अडवायचं? झबलं तेवढं काढून घेतलं. ते मला देववेना.

पुण्याला आल्यावर मी ते सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्या एकदम भडकल्या.

"काही अक्कल आहे का तुला? तिथल्या थंडीत पोरीला उघडीच पाठवलीस?"

इतक्या वर्षांत मी डॉक्टरांपुढेसुद्धा रडले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले, आणि त्याही.