डाळ भिजवायची का?

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्याच हिवाळ्यात मी यवतमाळहून लग्न होऊन तिथल्या ब्राह्मणपाऱ्यात आले; पारा म्हणजे मोहल्ला. सासूबाईंचा आभाळाचा अंदाज पाऱ्यात प्रसिद्ध होता. रात्री भिजवलेली उडदाची डाळ वाटून केलेल्या कोहळ्याच्या वड्यांना दुसऱ्या दिवशी कडक ऊन लागतं, ढग आले की त्या आंबतात. त्यामुळे आमच्याकडे उडदाची डाळ भिजली का, हे विचारूनच शेजारणी आपली भिजवत.

एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "आज भिजवू का नको, तूच सांग."

नव्या सुनेची परीक्षाच की ही! नापास झाले तर पाऱ्याभर बोभाटा होणार.

अंगणात मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढत होत्या. माहेरी याचा अर्थ पाऊस. पण आमच्या घरामागे कुण्या नव्या इमारतीचा पाया खणत होते, त्यालाच घाबरून त्या निघाल्या असतील तर? चंद्राला खळं पडलेलं. तेही पावसाचंच. पण राजधानीच्या नावानं गावभर खोदकाम चाललेलं, आणि धुळीनं रस्त्यावरच्या दिव्यांनाही तसंच खळं. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले की बीरगांवकडच्या कारखान्यांचा धूर खाली बसला की ढग येतात, फक्त हल्ली तो रोजच बसलेला असतो. मी पार गोंधळले, आणि चिडलेही. धड एक खूण सरळ बोलेना.

शेवटी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. शेजारीण तणतणत आली, एवढं ऊन वाया गेलं म्हणून. सासूबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, "नको मीच म्हटलं होतं, माझंच चुकलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गेल्यावर मी विचारलं, "आई, माझं नाव काहून नाही सांगितलं?"

त्या कोहळा पुन्हा कोपऱ्यात सरकवत होत्या. "मले हल्ली काहीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुले विचारलं. तुले तरी समजत असन वाटलं."

म्हणजे परीक्षा नव्हतीच ती. त्यांनी खरोखर विचारलेल्या प्रश्नाला मी भीतीपोटी उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी त्या पुन्हा माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, आभाळाकडे न बघता माझ्याकडे बघत. भिजवा, मी म्हटलं. का म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.