आपल्याला नाक आहे!

हातात काहीही दिलं की तो आधी ते नखानं मोडायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि बराच वेळ तसाच उभा राहायचा. मग डोळे उघडून विचारायचा, "ह्यापेक्षा ताजं हाय?"

तुमच्या दारात येऊन कुणी असं विचारलं तर तुम्ही काय कराल? मंगळवार पेठेतल्या बायकांनी ते मनाला लावून घेतलं.

तो फिनलंडचा. कागलच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. गल्ली त्याला 'जर्मन' म्हणायची. "मी जर्मन न्हाय," तो सांगायचा. "असू द्या की पावणं," गल्ली म्हणायची. मराठी तो कारखान्यातल्या कामगारांकडून शिकला होता. त्यामुळे दिसायला सहा फुटी, गोरा, चष्मेवाला आणि तोंड उघडलं की थेट कागलचा.

हळद म्हणजे बाटलीतली पिवळी पूड, एवढंच त्याला माहीत होतं. आईनं ओल्या हळदीचा तुकडा मोडून दाखवला तेव्हा तो पिवळ्या बोटांकडे बघतच राहिला.

"वैनी, हिचं काय काय करतात?"

"लोणचं घालतात. दुधात उकळतात. कापलं की दाबतात. नवऱ्या मुलाला फासतात."

त्यानं सगळं वहीत उतरवलं. मग तुकडा नाकाशी नेला. मग तोच प्रश्न.

"काल काढलीया ती!" आई कडाडली. "अजून किती ताजी पायजे?"

शेजारच्या सुलाक्कांना हे भिंतीपलीकडून ऐकू गेलं. त्या हळदीचं पान घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी कुणी मातीसकट आलं आणलं, कुणी फांदीसकट कडीपत्ता. शेवटी सुलाक्कांच्या नवऱ्यानं त्याला गाडीवर घालून कळंब्यापलीकडच्या आपल्या शेतात नेलं, हळदीचा गड्डा उपटला आणि न झटकताच त्याच्या नाकाखाली धरला. त्यानं मातीसकट हुंगला. चेहरा पडला.

"ह्यापेक्षा..."

"ह्यापेक्षा ताजं पायजे तर आता तुम्हीच जमिनीत उतरा, पावणं!"

पण गंमत अशी, की जो कशावरच खूश होत नाही तो मोठा जाणकार, असं पेठेनं ठरवून टाकलं. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी कुटायची वेळ आली, तर डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, त्याच्यासाठी खुर्ची मांडली गेली. मिरच्या, धणे, खोबरं कुटायला टाकायच्या आधी बायका पाट्या घेऊन त्याच्यापुढं रांगेत. ज्या पाटीवर तो जास्त वेळ डोळे मिटेल, तिची मालकीण ताठ मानेनं घरी जाई. तो बिचारा प्रत्येक पाटीवर मन लावून वाकायचा.

माझं डोकं फिरलं. मी पत्रकांवर वाढलेली. वडिलांचा छापखाना घराच्या तळमजल्यावर; तिथं खिळे रॉकेलनं धुतले जायचे. अक्षरओळख मला शाळेआधी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' यावरून झाली. जन्मभर मसाला कुटणाऱ्या बायांनी आपली पाटी परदेशी नाकापुढं धरायची? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'आपल्याला नाक आहे!' खाली, गोऱ्या नाकाची गुलामी झुगारून द्या, वगैरे. घरोघर वाटलं. डंकावरच्या खुर्चीवरही एक ठेवलं.

संध्याकाळी मी जिना चढत होते, तर गॅसचा भपकन वास. धावत स्वयंपाकघरात गेले. आई परसात होती, दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. शेगडीशी तो उभा. एका हातात माझं पत्रक, दुसऱ्या हातात लायटर.

"थांबा!"

मी लायटर हिसकावला, गॅस बंद केला, खिडकी उघडली.

"वास येत नाही तुम्हाला?"

"न्हाय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. ताप आला, वास गेला. सुकं काय कळत न्हाय. म्हटलं, ताजं आसंल तर येईल."

मग पत्रक पुढं करून म्हणाला, "हे बराबर लिवलंय तुम्ही. मी डंकावर सांगत हुतो, मला इचारू नका. त्यास्नी वाटलं, मी लाजतोय."

मी त्याच संध्याकाळी घरोघर फिरून पत्रकं परत मागितली. वाटताना छाती पुढं होती. मागताना कारण सांगावं लागलं. त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत साऱ्या पेठेला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वहीतले सगळे उपयोग त्याच्यावरच सुरू झाले. ओव्याची गरम पुरचुंडी, सुंठीचा लेप, उगाळलेलं वेखंड, हळकुंडाची धुरी. तो पिवळं नाक घेऊन कारखान्यात जायचा.

"आई, लेपानं वास परत येत नसतो."

"तुला लावलाय का? मग गप की."

मी त्यालाच समजवायला गेले. तो म्हणाला, "मला ठावं हाय. पर वैनी रोज इचारायला येतात. लेप नको म्हटलं तर येतील का?"

दुसऱ्या दिवशी वेखंड मीच उगाळून दिलं.

काम संपलं, तो गेला. आईनं चटणीची बरणी आणि मूठभर हळकुंडं माझ्या परत आणलेल्या पत्रकांत गुंडाळून बांधून दिली. जाताना त्यानं दाराची चौकटही हुंगून पाहिली.

आठ महिन्यांनी त्याचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "वैनी! आज पुडकं उघडलं. वास आला! बारीक हाय. रॉकेलवानी, शाईवानी, मागनं हळद, जरा लसूण. असला वास मी कवा घेतला न्हाय. हे काय हाय?"

आईनं तो निरोप तीनदा ऐकला. पदरानं डोळे पुसले.

"अगं," ती म्हणाली, "हा आपल्या घराचा वास."

मी खाली छापखान्यात गेले. उरलेल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

मला कसलाच वास आला नाही. मी त्याच घरात वाढलेली.