‘जेवान हाय’ची परवानगी

पालघरच्या कचेऱ्यांच्या रस्त्याला विजयाबायची खानावळ आहे, आणि परवापरवापर्यंत तिच्यासमोर फुटपाथवर एक लाकडी पाटी उभी असायची. एका बाजूला ‘जेवान हाय’, दुसऱ्या बाजूला ‘जेवान नाय’. कालवण संपलं की विजयाबाय बाहेर येऊन पाटी फिरवणार, विषय संपला. अक्षरं तिचीच, होडीला लावून उरलेल्या निळ्या रंगातली. जरा तिरकी होती खरी, पण भुकेल्या माणसाला सरळ दिसायची.

विजयाबाय मूळची नवापूरची. मासे विकून विकून गळा असा तयार झालेला, की ती हळू बोलली तरी पलीकडच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जातं. पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या आणि डोंगरातली माणसं कागद घेऊन खेपा घालायला लागली. त्यातला एक म्हातारा तिने एकदा पाहिला. एका चकचकीत हॉटेलच्या दारात तो उभा होता, आत जावं की न जावं करत. शेवटी नळाचं पाणी पिऊन निघून गेला. “जेवाया पन अर्ज करायचा का रं मानसानं?” असं तिने त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला, अंकुशला, झापलं. त्या बिचाऱ्याचा काय संबंध! पण राग कुठेतरी काढावा लागतो. थोड्याच दिवसांत तिने टोपली खाली ठेवली आणि खानावळ मांडली.

तर पाटी त्या माणसांसाठी. त्यातल्या बऱ्याच जणांचं वाचन बेताचंच. पण ‘हाय’ आणि ‘नाय’, एवढा एका अक्षराचा फरक सगळ्यांना कळायचा. विक्रमगडकडचा बुधा वनजमिनीच्या कागदासाठी इतक्या वेळा आला, की दारातूनच ओरडायचा, “बाय, हाय लिवलंय, हाय ना?” आणि आत येऊन बाकावर ऐसपैस मांडी ठोकायचा. विजयाबायला गल्ल्यापेक्षा त्या मांडीचं कौतुक जास्त. इथं कोणी बिचकत नाय, ज्याला त्याला आपलं घर वाटतं, हे ती येईल त्याला ऐकवायची. खानावळ चालवण्याचं तिचं कारणच ते होतं.

मग पाट्यांचे साहेब आले. कोणत्या कचेरीचे ते कशाला सांगा, त्यांनाही दुपारी भूक लागते. साहेब लांबून बदलून आलेले आणि मराठीचे कडवे अभिमानी. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा नियम आहे, आणि तो त्यांच्या अंगात भिनलेला. चांगलीच गोष्ट आहे, कोण नको म्हणतंय? पाटीसमोर उभं राहून त्यांनी मान तिरकी केली.

“बाई, हे ‘हाय’ चालणार नाही. इंग्रजी शब्द आहे.”

“इंग्रजी?”

“हाय, हॅलो. देवनागरीत लिहिलं म्हणून काही मराठी होत नाही.”

“अवो साहेब, जेवान हाय! म्हंजे शिजवलंय, या, जेवा! त्यात इंग्रजी कुठलं आलं? मग ‘नाय’ काय फारशी हाय?”

साहेबांनी पाटी फिरवून पाहिली. माणूस वाईट नव्हता, ते खरोखर विचारात पडले. बराच विचार करून त्यांनी निकाल दिला, की हे इंग्रजी नाही हे मान्य, पण मराठीही नाही. शिवाय ‘नाय’ची बाजू म्हणजे धंदा नसल्याची जाहिरात होते, आणि असल्या जाहिरातीला परवानगी द्यायची तरतूदच नाही. फुटपाथवरून पाटी हलवायची ते तर आहेच. भिंतीवर रीतसर बोर्ड लावा, अर्ज करा.

अर्ज केला लेकीने, समिधाने. ती बोईसरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, तिला नियमांची सवय. अर्जातल्या भाषेच्या रकान्यात तिने ‘मराठी’ लिहिलं. साहेबांनी ते खोडून ‘इतर’ केलं. आता इतर भाषा म्हटली की मराठी मजकूर तिच्या वर हवा आणि अक्षर तिच्याहून बारीक नको. म्हणजे विजयाबायच्या बोलण्याचं आधी मराठीत भाषांतर करायचं, ते वर ठळक लावायचं, आणि खाली तिचं ‘जेवान हाय’ परदेशी पाहुण्यासारखं बसवायचं. धन्य!

“मंग मी जल्मभर बोलत काय व्हते?” विजयाबायने विचारलं.

“आई, वाद घालू नकोस. आपण खालची ओळच काढून टाकू.” समिधाला आईची लाज वाटत होती असं अजिबात नाही. फक्त साहेबांसमोर आईने आणखी एकदा तोंड उघडू नये, एवढंच तिला वाटत होतं.

बोर्ड बोईसरला समिधाच्या मैत्रिणीच्या, हेतलच्या छपाईच्या दुकानात छापला. झकास फ्लेक्स! ‘विजया भोजनालय. भोजन उपलब्ध आहे.’ जागा मोकळी राहिली म्हणून हेतलने आपल्या कॉम्प्युटरमधली थाळी टाकून दिली, पनीर, पुऱ्या, वर गुलाबजाम. विजयाबायने आयुष्यात गुलाबजाम तळला नव्हता. साहेब मात्र बेहद्द खूश. ‘उपलब्ध’ हा शब्द त्यांनी रस्त्यात उभं राहून मोठ्याने वाचला आणि शाबासकी दिली.

नवी गिऱ्हाइकं यायला लागली, नाही असं नाही. कारकून मंडळी यायची, पनीर मागायची, नाही म्हटलं की फोटोकडे बोट दाखवायची. डोंगरातली माणसं मात्र दिसेनाशी झाली. लावणीला अडकली असतील, म्हणून विजयाबायने मनाची समजूत घातली. लावणी झाली, भात तयार झालं, तरी कोणी येईना. मग एकदा तिने बाहेर येऊन पाहिलं. दोघंजण बोर्डाखाली उभे राहून वाचत होते, उ, प, ल, आणि पुढच्या जोडाक्षराशी अडले. थाळीच्या फोटोकडे पाहिलं आणि निमूट रस्ता ओलांडून वडापावच्या गाडीकडे गेले. तिने हाक मारली, पण मधून एसटी गेली.

दिवाळीनंतर एका दुपारी बुधा आला. विजयाबाय आत बोंबील साफ करत होती. दारात तो दिसला आणि तिला इतका आनंद झाला, की ती आरोळीची वाट बघत तशीच थांबली. आरोळी आली नाही. बुधाने चपला काढल्या आणि दाराशी जेवत बसलेल्या कारकुनाला विचारलं, “साहेब, इथे जेवण मिळेल का?” शुद्ध, अडखळत, कचेरीच्या खिडकीशी बोलावं तसं.

“आरं बुधा! साहेब कोनाला म्हनतो? ये की आत!”

तो आला, आणि बाकाच्या कडेला पाय खाली सोडून बसला. तिने ताट वाढलं, बोंबलाचं कालवण वाढलं. बुधाने त्या कारकुनाकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं. मग ती वाकली तसा तो हळूच म्हणाला,

“बाय, खानावळ गेली का गं तुजी? वंगाळ झालं बग. नवा मालक जेवाया तरी देतो ना तुला?”

साहेबाला फारशीवरून झापणाऱ्या विजयाबायचे डोळे भरून आले.

“देतो रं,” ती कशीबशी म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी दोन बोंबील टाकले.

बुधाने घाईघाईने ताटावर हात धरला. “नको बाय, नको. मालक वरडंल तुला.”