पोळा फोडणारी गाडी

वसंत भाऊजींचा शेवटचा फोन आला तो पान्यासाठी. बुलडाण्याच्या दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते, छातीवर वायरी लावलेल्या, आणि पलीकडून आवाज काय, तर "वहिनी, गाडी किती दिवस उभी राहीन काय माहीत... बॅटरीची एक तार काढून ठेवा. दहा नंबरचा पाना गव्हाणीत हाये, डाव्या कोपऱ्यात." मी म्हटलं, "भाऊजी, आधी तब्येतीचं सांगा." तर म्हणे, "ते डॉक्टर पाहून राह्यले. तारीचं तुमी पाहा." मी गोठ्यात गेले. गव्हाणीत हात घालून पाने उलटेपालटे करत होते, बारा निघाला, चौदा निघाला, दहा काही सापडेना. तेवढ्यात पल्लवीचा, म्हणजे भाऊजींच्या मुलीचा फोन आला. ती नुसती "मोठी आई..." एवढंच म्हणाली आणि मला कळलं. मी खालीच बसले. बसल्यावर दिसला मेला तो पाना, गव्हाणीत नाही, खाली खुंट्यापाशी. सांगायला लाज वाटते, पण घरात रडारड सुरू व्हायच्या आधी मी ती तार काढली. त्यांनी सांगितलेलं शेवटचं काम होतं ते.

याला आता दीड महिना होत आला. आमचं गाव अमडापूरच्या बाजूला, लहानसं. भाऊजी माझे धाकटे दीर. अमडापूरच्या शाळेत लिपिक होते म्हणून सारा गाव त्यांना बाबू म्हणायचा. त्यांची बायको लवकर गेली, पल्लवी तेव्हा दहा वर्षांची, ती निम्मी माझ्याच स्वयंपाकघरात वाढली. आता चिखलीला शाळेत शिकवते, सासरी सुखी आहे. आमचं अंगण एक, दारं दोन, आणि मध्ये गोठा. शेत बटाईनं दिलं, बैल विकले, तेव्हापासून गोठा रिकामा पडला. भाऊजींना तो रिकामा खुंटा पाहवत नसे. नोकरीतून मोकळे झाले आणि कुठून तरी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेऊन आले, ती सरळ गोठ्यात नेऊन बांधली. बांधली म्हणते मी, कारण पहिल्या दिवशी त्यांनी खरोखरच मागच्या हुकातून दावं काढून खुंट्याला गाठ मारली होती. उतार आहे ना आमच्या दारापुढे... हँडब्रेकवर भरवसा नव्हता तेव्हा.

मग सुरू झाला त्यांचा उद्योग. गव्हाणीत कडब्याच्या जागी पाने, पकडी, नटांचे डबे. मोबाईलवर पाहायचं, वहीत लिहून घ्यायचं, आणि खाली गोणपाट टाकून गाडीखाली शिरायचं. सीटला लाल कापडाची कव्हरं शिवली, ती मीच शिवली माझ्या मशीनवर, कडेला पिवळी किनार लावून. म्हटलं, ही तर झूल झाली. ते म्हणाले, "झूलच हाये वहिनी." पुढं पिवळे दिवे बसवले, मागं एक पंख बसवला. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, भाऊजींचे मोठे भाऊ, बाजेवर बसून सगळं पाहायचे आणि बोलायचे. "काऊन बे वसंता, उडवाले नेतं का तिले?" भाऊजी गाडीखालूनच उत्तर द्यायचे, "दादा, तुमी बसा, मंग उडवतो." दोघं भाऊ असे दिवसभर. मला बाई फार करमायचं.

मग आली चाकं. मॅगव्हील म्हणतात त्यांना, चांदीसारखी चमचमणारी, मधून आरपार दिसणारी, अकोल्याहून एसटीनं पार्सल आलं. मोठी होती मूळच्या चाकांपेक्षा, टायरही रुंद. बसवली, गाडी काय दिसली म्हणून सांगू, नवरदेवच! पण वळवली की टायर वरच्या पत्र्याला घासायचा, खर्र खर्र. दोन दिवस भाऊजी जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात. "वहिनी, मुसळ द्या."

"मिरच्या कांडता का भाऊजी?"

"गाडीचा कान वाकवाचा हाये."

टायर आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत मुसळ घालायचं आणि गाडी हळूहळू पुढं ढकलायची. मुसळ फिरत जातं आणि पत्र्याची आतली कड दाबत जातं, पोळीची कड लाटतो तसं. मुसळ त्यांनी धरलं, गाडी मी आणि सुट्टीत आलेल्या पल्लवीनं ढकलली. चारही कान दाबून झाले, खर्र आवाज गेला. माझ्या मुसळावर काळे पट्टे उठले ते आजही आहेत. घासून जात नाहीत.

एक सांगते, माणूस हौशी होता पण अडाणी हौस नव्हती. ब्रेकच्या बाबतीत तर फारच कडक. ब्रेकमधली हवा काढायची म्हणून मला आत बसवायचे आणि स्वतः चाकापाशी. "दाबा वहिनी... धरा... धरा... सोडा." असं तासभर. पाय भरून यायचा. एकदा मी विचारलं, हे चाकातून दिसतं ते चकचकीत ताट काय आहे? ते म्हणाले, "हेच तर सारं हाये. गाडी पळवते इंजन, पण थांबवते हे ताट. गाडीत सगळ्यात जास्त कष्ट यालेच." माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं. नसतं बसलं तर बरं झालं असतं...

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीचा पोळा. आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलतो, म्हणून त्याला हळद आणि तूप चोळतात, ऊन पाण्यानं शेकतात, आणि म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल गेल्यापासून माझे हात त्या दिवशी रिकामे राहायचे. त्या दुपारी भाऊजी चिखलीला गेले होते बसनं, घुंगरं आणायला, कारण दुसऱ्या दिवशी गाडी सजवून पोळ्यात न्यायची त्यांची फार इच्छा. ट्रॅक्टर नेतात लोक, मग गाडी का नाही? मी वाटीत घरचं तूप घेतलं, हळद कालवली आणि गोठ्यात गेले. गाडीला खांदा कुठला? ज्याला सगळ्यात जास्त कष्ट तो खांदा. चाकाच्या आऱ्यांमधून हात जात होता, नव्या चाकांचा तो एक गुणच. पुढच्या दोन्ही ताटांना मी छान बोटं फिरवून तूप-हळद चोळली. आवतनही दिलं. मला वाटलं, केवढं चांगलं काम केलं!

दुसऱ्या दिवशी मैदानावर मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्या अलीकडे बैलांची रांग, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणणं चाललेलं. आमच्याकडे मानकऱ्यांची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग पोळा फुटतो, मग बाकीचे. पिढ्यांचा मान आहे तो. भाऊजी गाडी घेऊन उतारावरून निघाले, रांगेच्या शेवटी उभी करायची म्हणून. झूल, घुंगरं, पुढच्या काचेवर बाशिंग. दारातून निघताना गाडी ढकलतच सोडली होती, ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. वेळ आली ती खाली, रांगेपाशी. आणि गाडी काही थांबेना! जोरात नव्हती, पायी माणूस चालतो तशीच, पण थांबेना. भाऊजी हॉर्न वाजवताहेत, हँडब्रेक ओढताहेत तर मागची चाकं चिखलावर नुसती घसरताहेत, लोक बैल धरून बाजूला सरताहेत, आणि घुंगरं वाजवत गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोरणाखालून, तोरण तोडून, पलीकडच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात जाऊन घुसली. मग कोणीतरी ओरडलं, "फुटला बे पोळा!" आणि झालं, सारे बैल सुटले, सारा गाव हसतो आहे, आणि मानकरी आपली जोडी धरून लालबुंद.

भाऊजी कुटार झटकत उतरले ते सरळ मानकऱ्यांपुढं गेले, हात जोडले. "ब्रेक म्याच खोलले होते. चूक माही हाये." एवढंच.

घरी आल्यावर त्यांनी चाक काढलं. मी चहा घेऊन गेले तर ते उकिडवे बसलेले, बोटं नाकाशी. वास घेत होते. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. हळदीची बोटं एका दिवसात पांढरी होत नाहीत.

"वहिनी, तूप घरचं होतं ना?"

"हाव..."

"तरीच म्हटलं. इतकं बेस कशानं घसरते."

आणि हसले हो! मी रडायला लागले, म्हटलं, आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना. तर चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "सांगू नका. मले चार दिवस हासतीन, तुमाले जलमभर हासतीन. अन् दादा तं तुमाले जेवतानाबी सोडणार नाहीत." मग ताटं पेट्रोलनं पुसली, आतले पॅड नवे टाकले.

चार दिवस कसले... तीन वर्षं त्यांना लोक पोळाफोड्या बाबू म्हणत राहिले. पोरांची सायकल बिघडली तरी थट्टेनं म्हणायचे, बाबूकडे नेऊ नका, थांबणार नाही. ते हसायचे. पुढच्या पोळ्याला गाडी सजवली, पण गोठ्याबाहेर काढली नाही. त्यातली एक गोष्ट मला टोचायची. आपल्या हातच्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि नेमका तोच त्यांनी माझ्यासाठी गहाण टाकला होता.

तेरवीच्या दिवशी माणसं जेवून बसली आणि पुन्हा तोच विषय निघाला, प्रेमानंच. बाबूनं सारं केलं पण ब्रेकचं काही जमलं नाही बुवा. पल्लवीही हसली. नंतर भांडी आवरताना मला म्हणाली, "मोठी आई, गाडी देऊन टाकू म्हणते. बाबांची आठवण आहे, पण लेकरं बसवायची तर... बाबांच्या ब्रेकचा मले भरोसा नाही." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. जगानं म्हणावं ते म्हणावं, पण त्यांच्या पोरीनं? मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, बाजेवर हे बसले होते, दोघांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. तूप, हळद, ताट, आवतन, सगळं. म्हटलं, आता हासा मले.

पल्लवी हसली नाही. हेही हसले नाहीत. म्हणाले, "मले माहीत होतं. त्या दिवशी जेवताना वसंताच्या हाताले तुपाचा वास येत होता, अन् ताटात तूप नोतं. अन् तुही बोटं हळदीनं पिवळी होती."

"मंग काऊन नाही बोलले?"

"त्यानं सांगतलं नाही तं म्या काऊन बोलू? म्या त्याले पंखावरून बोललो, दिव्यावरून बोललो. ब्रेकवरून कधी बोललो का? आठव बरं."

मी आठवून पाहिलं. तीन वर्षांत एकदाही नाही.

काल खांदशेकणी होती. पल्लवी सकाळीच आली. दहाचा पाना मी तिच्या हातात दिला, तिनं तार जोडली, गाडी दुसऱ्या सेलला सुरू झाली. ती बाहेर काढते आहे तोवर हे काठी घेऊन उठले, उतार उतरून गेले आणि खाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पल्लवी घाबरली, काच खाली करून ओरडली, "मोठे बाबा, बाजूले व्हा!" हे म्हणाले, "आण तू. वसंताचं काम हाये." ती आली, हळूहळू, आणि दाबला तिनं ब्रेक. गाडी थांबली. यांच्या धोतरापासून हातभर अंतर राहिलं असेल. हे पुढं झाले, बॉनेटवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि तोंड फिरवून चालू लागले. डोळे पुसत होते, मला पाठीवरून कळतं.

गाडी आता चिखलीला जाणार, पल्लवीच्या दारी. पण काल तिला परत गोठ्यात घेतली, कारण आवतन राहिलं होतं. वाटी पाहून पल्लवीनं विचारलं, "तूप?" म्हटलं, नाही ग माय, नुसती हळद आणि पाणी, आणि तीही वरवर. पुढच्या चाकाला बोट लावायला वाकले तर मधल्या नटाच्या खोबणीत आधीचं पिवळं दिसलं. तीन वर्षांपूर्वीचं, वाळून दगड झालेलं. दर रविवारी जुन्या दातांच्या ब्रशनं चाकं घासणारा माणूस, तेवढी खोबण त्यांनी कशी सोडली असेल?... मी तिथं बोट ठेवलं, नव्या हळदीचा ठिपका त्याच्यावरच लावला.

मग पाना पुसला आणि गव्हाणीत डाव्या कोपऱ्यात ठेवला. तिथं तो कधीच नसायचा, मला ठाऊक आहे. पण त्यांनी जागा तीच सांगितली होती.