मास्तरांनी मूठ धरली

या जगात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर अमरावतीच्या आमच्या मिशन शाळेतल्या मास्तरांचा. आणि भर कापूसबाजारात माणूस विकत घेणारा उपदेशकही सगळ्या वऱ्हाडात तेवढा एकच झाला असेल. आठवडाभर ते शाळा चालवीत आणि रविवारी प्रार्थनामंदिरात उपदेश करीत, असे म्हणण्याची रीत आहे. खरे पाहता या दोन कामांमधली भिंत त्यांना कधी दिसलीच नाही. उपदेशाला उभे राहिले की आधी हजेरी घेत. मेंढपाळाची गोष्ट सांगताना मध्येच थांबून, शंभरातले एक मेंढरू हरवले तर उरली किती, असे विचारीत आणि उत्तर आल्याखेरीज पुढे जात नसत. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उठून सांगितले, "मास्तर, ते कोनाच्या वावरात घुसलं ते पयले सांगा. मंग हिशेब करू." मास्तरांना हे इतके पटले की त्या दिवशीचा उरलेला उपदेश कुंपण या विषयावर झाला.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मोर्शीपासून चांदूरपर्यंतच्या गाड्या बाजारात येऊन उभ्या राहत. मास्तर तिथे गासडीवर चढून उपदेश करीत आणि दाढीत कापूस घेऊन शाळेत येत. सुटी लागली की अकोल्याकडे निघालेल्या गाडीवर बसत. दोन-तीन दिवसांचा रस्ता. श्रोता गाडी सोडून पळू शकत नाही, हा त्यांचा विचार. गाडीवानांनीही उपाय काढला होता. ते मास्तरांना बाराखडी विचारीत. मग मोक्षाचा विषय अकोला येईपर्यंत निघत नसे. अशाने काही गाडीवान सही करायला शिकले, धर्म मात्र कोणीच बदलला नाही. याचे मास्तरांना दुःख होते की नव्हते, ते मला अजून कळलेले नाही.

कापसाने शाळा ओस पडू लागली. जो तो पोराला बाजारात धाडी. आमच्या वर्गात आम्ही अकरा उरलो, आणि मग माझी पाळी आली. आम्ही माळी, शहराबाहेर मोटेच्या पाण्यावरचा भाजीचा मळा. मुंबईची पत्रे वाचायला एका अडत्याला अक्षर येणारा माणूस हवा होता, आणि वडिलांना ते पसंत पडले. मास्तरांच्या मनात मला पुढच्या परीक्षेसाठी मुंबईस पाठवायचे होते. अडत्याकडे गेलो की ते कायमचे संपले, एवढे मला कळत होते.

बाजारातला सौदा उपरण्याखाली होतो. दोघे हात झाकून एकमेकांची बोटे दाबतात. जितकी बोटे तितका भाव, तोंडाने कोणी बोलत नाही. माझ्या पगाराचा सौदाही तसाच चालला होता. अडत्याने तीनच बोटे धरली असावीत, कारण वडील सारखी मान हलवीत होते. एवढ्यात मास्तर गर्दीतून धापा टाकीत आले. वडिलांचा हात ओढून बाहेर काढायचा, इतकाच त्यांचा बेत. त्यांनी उपरण्याखाली हात घातला आणि वडिलांची अख्खी मूठ धरली. बाजार हसू लागला. तिसऱ्याने हात घालून मूठ धरली की चढा भाव त्याचा आणि सौदाही त्याचा. आणि उपरण्याखालचा सौदा मोडल्याचे अमरावतीत कोणी ऐकले नव्हते.

"पाच बोटं झाले, मास्तर," अडत्या म्हणाला. "पोट्टा तुमचा. सालभर वापरा."

म्हणजे महिन्याचे पाच रुपये. मास्तरांचा स्वतःचा पगार त्याहून फार नव्हता. दिलेला शब्द पाळावा, असे ते वर्षानुवर्षे याच बाजारात सांगत आले होते; आता ते स्वतः पाळतात का, हे पाहायला सगळा बाजार थांबला. वडिलांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि विचारले,

"पोट्ट्याले बाटवाल काय?"

"शिकवीन," मास्तर म्हणाले. "पुढचं त्याचं तो पाहील."

"मंग पाच बोटं म्हंजे हप्त्याच्या पाच सकाळा. माह्यावाली मोट हाका."

वर्षभर मास्तर उजाडताच मळ्यात येत आणि मोटेच्या नाड्यावर बसून उपासनेची गीते म्हणत. गीते संथ. बैल उभ्याउभ्या डुलक्या घेत आणि वांगी सुकत. "मास्तर, तुमचा देव लय सावकाश हाय," वडील म्हणत, "घाईचं गानं नाही काय त्याचं?" अखेर मास्तरांनी पावकीचा पाढा धरला. बैल चालू लागले, आणि कधी शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या वडिलांना पावकी पाठ झाली. बाजारात कोणी हिशेबात चुकला की ते मोठ्याने त्याला दुरुस्त करीत.

पुढे मी मुंबईस गेलो आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा पदवी आली. निकाल लागला त्या दिवशी मास्तरांना जे पत्र लिहिले ते असे:

"तीर्थस्वरूप मास्तरांस, साष्टांग नमस्कार. पास झालो. हे पत्र वडिलांना आपणच वाचून दाखवाल, तेव्हा मध्ये पदरचा उपदेश घालू नये. ते लगेच ओळखतात.

इथून पुढचे त्यांना वाचू नये. आपला धर्म मी घेतला नाही, आणि आपण मला एकदाही विचारले नाहीत. विचारले असतेत तर उपकारापोटी मी हो म्हणालो असतो. ते आपल्याला ठाऊक होते, असे आता वाटते.

गावाकडून आलेल्या माणसाने सांगितले की आपण अजून सकाळी मोटेवर जाता. सौदा सालभराचा होता, तो फिटून सहा वर्षे झाली. आपले गुडघे दुखतात. आता पुरे करावे, असे लिहायला बसलो होतो. पण आई गेल्यापासून सकाळी वडिलांशी बोलायला दुसरे कोणी नाही. म्हणून तसे लिहीत नाही. थंडीत कान बांधून जावे."